वेदनाशामक गोळी घेण्यापूर्वी पट्टीची मागची बाजू वाचा

डोके दुखणे, अंग ठणकणे, कंबर धरणे, दाढ दुखणे, पाळीच्या दिवसांत ओटीपोटात कळा येणे अशा तक्रारी असल्या की आपल्याकडे बहुतेक लोक दवाखान्याआधी मेडिकलची पायरी चढतात. त्यात गैर काही नाही. साधे दुखणे एक-दोन गोळ्यांवर भागत असेल तर दवाखान्यात ताटकळत बसण्याचे कारण नाही. अडचण पुढे सुरू होते. आपण ‘अंगदुखीची गोळी द्या’ म्हणतो, काउंटरवरचा माणूस पट्टीतून कात्रीने दोन गोळ्या कापून देतो, त्या तुकड्यावर ब्रँडच्या नावाची शेवटची दोन अक्षरे आणि अर्धवट बॅच क्रमांक एवढेच उरते, आणि ती गोळी नेमकी कशाची होती हे घरी कोणालाच सांगता येत नाही. गोळीतील घटकाचे नाव आणि त्याचे मिलिग्रॅम वाचल्याशिवाय ती तोंडात टाकायची नाही, ही एक सवय लागली तर पुढच्या बहुतेक चुका आपोआप टळतात.

दुकानातच करायचे काम

१९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात ‘चिठ्ठीविना मिळणारी औषधे’ असा स्वतंत्र वर्ग नाही. ज्या औषधांना डॉक्टरांची चिठ्ठी लागते त्यांच्या याद्या आहेत, आणि त्यांपैकी ‘शेड्यूल एच’ ही सर्वांत मोठी आहे. या यादीतील औषधांच्या वेष्टनावर एका कडेला उभी लाल रेघ असते. डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड, निमेसुलाइड ही आपल्याकडे सर्रास मागून घेतली जाणारी वेदनाशामके याच यादीत येतात. ती काउंटरवर सहज मिळतात म्हणून ती चिठ्ठीविना घेण्याजोगी आहेत असा अर्थ काढू नये. लाल रेघ दिसली की ही गोळी स्वतःच्या मनाने घ्यायची नाही, एवढे समजावे.

शक्य असेल तर पूर्ण पट्टी घ्यावी. वेदनाशामकांची पट्टी फार महाग नसते, आणि तिच्यावर घटक, मात्रा व मुदत संपण्याची तारीख शाबूत राहते. सुट्याच गोळ्या हव्या असतील तर दुकानदाराकडून मूळ पट्टी मागून मोबाइलवर तिचा फोटो काढावा. ब्रँडच्या नावाजवळच औषधाचे मूळ नाव छापलेले असते आणि ते इंग्रजीत असले तरी जुळवून वाचता येते. घरातील शाळकरी मुलाकडून वाचून घेतले तरी चालेल. १ ऑगस्ट २०२३ पासून मोठ्या खपाच्या ३०० ब्रँडच्या वेष्टनांवर क्यूआर कोड छापणे बंधनकारक झाले आहे. तो मोबाइलने स्कॅन केल्यास औषधाचे मूळ नाव, उत्पादक आणि मुदत दिसते. जनऔषधी केंद्रातून औषध घेतल्यास मूळ नावच ठळक असते आणि पैसेही बरेच कमी पडतात.

पट्टीवर वाचलेले नाव बहुधा दोन गटांपैकी एकात बसते. पहिला गट पॅरासिटामॉलचा. हे औषध ताप आणि सौम्य ते मध्यम वेदना कमी करते, पण सूज उतरवत नाही. दुसऱ्या गटात ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड ही सूजही कमी करणारी औषधे येतात. पहिल्या गटाचा अतिरेक यकृतावर बेततो, तर दुसऱ्याचा जठर, मूत्रपिंड आणि हृदयावर. कोणासाठी कोणती गोळी, हे या फरकावरून ठरते.

पॅरासिटामॉलचा हिशेब

निरोगी आणि ५० किलोपेक्षा जास्त वजनाच्या प्रौढ व्यक्तीने एका वेळी ५०० ते १,००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल घ्यावे, दोन मात्रांत किमान चार, शक्यतो सहा तासांचे अंतर ठेवावे, आणि २४ तासांत ४,००० मिलिग्रॅमची मर्यादा कोणत्याही कारणाने ओलांडू नये. स्वतःच्या मनाने औषध घेताना मात्र ३,००० मिलिग्रॅमवरच थांबणे शहाणपणाचे आहे, असे माझे मत आहे, कारण घरचा हिशेब सहसा एखादी गोळी विसरलेला असतो. रोज दारू पिणारे, यकृताचा आजार असलेले आणि फार अशक्त किंवा कुपोषित लोक यांच्यासाठी ही मर्यादा साधारण २,००० मिलिग्रॅमपर्यंत खाली येते, आणि तीही डॉक्टरांना विचारूनच ठरवावी.

वजनाचा मुद्दा आपल्याकडे फारसा कोणी लक्षात घेत नाही. ४० किलो वजनाच्या स्त्रीला किलोमागे १५ मिलिग्रॅम या मापाने एका वेळी ६०० आणि किलोमागे ६० या मापाने दिवसभरात २,४०० मिलिग्रॅम, एवढेच पॅरासिटामॉल चालते. घरात डोलो ६५० ची पट्टी आहे म्हणून घरातील सर्वांना तीच देण्याची पद्धत त्यामुळे योग्य नाही. सडपातळ बांध्याच्या व्यक्तीला आणि वृद्धांना ५०० मिलिग्रॅमची गोळी बहुधा पुरते.

प्रत्यक्षात मर्यादा कशी ओलांडली जाते ते एका नेहमीच्या उदाहरणावरून पाहू. पावसाळ्यात एखाद्या माणसाला ताप, सर्दी आणि अंगदुखी एकाच वेळी झाली आहे. तापासाठी तो दिवसातून तीन वेळा ६५० ची गोळी घेतो, म्हणजे १,९५० मिलिग्रॅम झाले. नाक गळते म्हणून सर्दीची गोळी तीन वेळा घेतो. अशा अनेक गोळ्यांत सर्दीच्या औषधाबरोबर ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते, म्हणजे आणखी १,५०० झाले. अंग फारच ठणकते म्हणून तो सकाळ-संध्याकाळ कॉम्बिफ्लाम घेतो, आणि तिच्यात ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेनसोबत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असल्याने आणखी ६५० ची भर पडते. एकूण ४,१०० मिलिग्रॅम. त्याने कोणतीही गोळी प्रमाणाबाहेर घेतलेली नाही, तीन वेगवेगळ्या तक्रारींवर तीन वेगवेगळ्या गोळ्या घेतल्याचे त्याला प्रामाणिकपणे वाटते, आणि तरीही मर्यादा ओलांडली गेली आहे. पॅरासिटामॉल असलेली एकच गोळी एका वेळी चालू ठेवणे हा यावरचा सोपा उपाय आहे. सर्दीसाठी वेगळे औषध हवेच असेल, तर पॅरासिटामॉल नसलेले द्या, असे दुकानात स्पष्ट सांगावे.

या औषधाचा धोका उशिरा दिसतो. शरीरात पॅरासिटामॉलचा थोडा भाग एका विषारी पदार्थात रूपांतरित होतो आणि यकृतातील ग्लुटाथायोन तो निकामी करते. मात्रा वाढली की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि तो पदार्थ यकृताच्या पेशींवरच उठतो. पहिल्या दिवशी मळमळ, उलटी यापलीकडे फारसे काही जाणवत नाही, कधी तेवढेही नाही, आणि यकृताचे नुकसान दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघड होते. यावर ॲसिटिलसिस्टीन हा चांगला उतारा उपलब्ध आहे, पण तो पहिल्या आठ तासांत मिळाला तर सर्वाधिक उपयोगी पडतो. म्हणून जास्त गोळ्या पोटात गेल्याचे कळताच, त्रास होत असो वा नसो, रुग्णालय गाठावे.

सूज उतरवणाऱ्या गोळ्या कोणी टाळाव्यात

आयबुप्रोफेन आणि त्याच्या भावकीतील औषधे शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांची निर्मिती रोखतात. याच रसायनांमुळे सूज आणि वेदना वाढते, म्हणून गोळीने आराम पडतो. पण जठराच्या अस्तराचे रक्षण आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळण्याचे कामही तीच रसायने करतात. हे लक्षात घेतले की ‘गोळीने पोट बिघडते, म्हणून इंजेक्शन द्या’ हा आग्रह किती फोल आहे ते कळते. औषध कंबरेतून गेले तरी रक्तात मिसळतेच, आणि जठराचे संरक्षण तेवढेच कमी होते.

या गोळ्या जेवणानंतर आणि भरपूर पाण्यासोबत घ्याव्यात. एकादशी, नवरात्र किंवा श्रावणी सोमवारच्या कडक उपवासात डोके दुखले तर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नये. आधी पाणी प्यावे, दूध किंवा फळ घ्यावे, आणि तरीही गरज वाटली तर पॅरासिटामॉल घ्यावे. वेदनाशामक गोळीसोबत पित्ताची गोळी घेतली की सर्व सुरक्षित, ही समजूत अर्धीच खरी आहे. ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोल यांसारखी औषधे जठराचे काही प्रमाणात रक्षण करतात, पण मूत्रपिंड आणि हृदयाला त्यांचा काही उपयोग नाही. छातीत जळजळल्यावर चघळायच्या गोळ्या तर नुसती जळजळ शमवतात. शौचाला डांबरासारखे काळे होणे किंवा उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखे कण दिसणे हे जठरात रक्तस्राव झाल्याचे लक्षण आहे आणि तेव्हा घरी थांबू नये.

पूर्वी अल्सर झालेल्यांनी, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी, वॉरफेरिन किंवा क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि वयाची साठी उलटलेल्यांनी हा गट डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. रक्तदाबाच्या रुग्णांनी तर आपल्या गोळ्यांची नावे एकदा तपासून पाहावीत. रामिप्रिल, एनालाप्रिल, लोसार्टन किंवा टेल्मिसार्टन यांपैकी एखादी गोळी आणि तिच्या जोडीला लघवी वाढवणारी गोळी चालू असताना वर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची भर पडली, तर मूत्रपिंड अचानक मंदावू शकते. गुडघेदुखीने बेजार झालेल्या आजी-आजोबांच्या औषधांच्या डब्यात हे तिन्ही प्रकार एकत्र सापडणे मुळीच दुर्मीळ नाही. हृदयासाठी रोज ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी आयबुप्रोफेन टाळावे, कारण ते ॲस्पिरिनच्या कामात आडवे येते. दम्याच्या काही रुग्णांना या गटातील कोणत्याही गोळीने धाप लागते. एकदा तसे झाले असेल तर संपूर्ण गटच वर्ज्य समजावा. गर्भवतींनी, विशेषतः २० आठवड्यांनंतर, या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत; पॅरासिटामॉल हा त्यांच्यासाठी बरा पर्याय आहे, तोही डॉक्टरांना सांगून आणि कमीत कमी दिवस.

उन्हात अंगमेहनत करणाऱ्यांबद्दल वेगळे सांगणे भाग आहे. ऊसतोडणी, बांधकाम, वीटभट्टी अशा कामांवर अंगदुखीची गोळी रोजच्या शिदोरीत असते, कारण खाडा परवडत नाही. घामाने शरीरातील पाणी कमी झालेले असताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा जवळजवळ प्रोस्टाग्लँडिनांच्याच भरवशावर चाललेला असतो, आणि नेमकी तीच रसायने ही गोळी रोखते. अशा माणसाने गोळी घ्यायचीच असेल तर ती काम संपल्यावर, पाणी पिऊन, जेवून घ्यावी, पॅरासिटामॉलची घ्यावी, आणि आठवडेच्या आठवडे चालू ठेवू नये. मूत्रपिंडावर हे औषध काय करू शकते याचा पुरावा आपल्या आकाशात आहे, किंवा खरे तर आता नाही: डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांचे मृतदेह खाऊन भारतातील गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मोठ्या संख्येने मेली आणि २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. माणसाची सहनशक्ती गिधाडापेक्षा कितीतरी अधिक आहे, पण ती अमर्याद नाही.

ज्यांना काहीच मनाई लागू नाही अशा प्रौढांनी आयबुप्रोफेन एका वेळी २०० ते ४०० मिलिग्रॅम, दिवसाला जास्तीत जास्त १,२०० मिलिग्रॅम या मापाने घ्यावे. या गटातील दोन औषधे कधीही एकत्र घेऊ नयेत. आराम दुप्पट होत नाही, धोका मात्र वाढतो. पाळीच्या कळांसाठी मुली एकमेकींना देतात त्या मेफेनॅमिक ॲसिडच्या गोळ्यांबाबत भारतीय औषधसंहिता आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सावधगिरीची सूचना काढली होती. गोळी सुरू केल्यानंतर काही दिवसांनी, अगदी काही आठवड्यांनीसुद्धा, अंगावर पुरळ, ताप आणि गाठींची सूज दिसू लागली, तर ती ॲलर्जीची गंभीर प्रतिक्रिया असू शकते आणि गोळी तत्काळ बंद करून डॉक्टरांना दाखवावे लागते.

सांधेदुखीवर वैदूकडून किंवा बाजारातून आणलेल्या बिननावाच्या पुड्या घेऊच नयेत. दोन दिवसांत जादू झाल्यासारखा आराम पडला, तर पुडीत स्टिरॉइड किंवा याच गटातील औषध मिसळलेले असण्याची शंका घ्यावी. गुडघा किंवा घोटा यांसारख्या एकाच सांध्याचे दुखणे असेल तर गोळीपेक्षा डायक्लोफेनॅकचे मलम बरे, कारण रक्तात फार थोडे औषध उतरते. मात्र ते लावलेल्या जागी शेक देऊ नये आणि जखमेवर लावू नये.

पावसाळ्यातील ताप

जून ते ऑक्टोबर या काळात ताप आला आणि सोबत डोळ्यांच्या मागे दुखत असेल, हाडे मोडल्यासारखी वाटत असतील, तर डेंग्यू नाही हे सिद्ध होईपर्यंत पॅरासिटामॉलखेरीज दुसरे वेदनाशामक घेऊ नये. डेंग्यूत रक्तातील प्लेटलेट कमी होतात. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो. मुंबई-कोकणात साचलेल्या पाण्यातून चालल्यानंतर येणारा लेप्टोचा ताप मूत्रपिंडावरच घाला घालतो, तेव्हा तेथेही हाच नियम पाळावा. ताप उतरत नाही म्हणून ‘जरा कडक गोळी’ मागणे याच दिवसांत सर्वाधिक महागात पडते.

लहान मुले

मुलांचे औषध वयावरून नव्हे, वजनावरून मोजावे: एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, सहा तासांच्या अंतराने, दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा नाही. बाजारात याचे एका चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचे आणि २५० मिलिग्रॅमचे अशी वेगवेगळ्या ताकदीची सिरप मिळतात. तान्ह्या बाळांच्या थेंबांत तर बहुधा एकाच मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असते. १० किलोच्या मुलाला १०० ते १५० मिलिग्रॅम द्यायचे असेल तर २५० च्या सिरपमधून २ ते ३ मिलिलिटर आणि थेंबांच्या बाटलीतून १ ते दीड मिलिलिटर पुरते. थेंबांची बाटली सिरप समजून कोणी चमचाभर पाजले, तर त्या मुलाच्या पोटात एकदम ५०० मिलिग्रॅम जातात. स्वयंपाकघरातला चमचा वापरू नये, बाटलीसोबत आलेले माप किंवा सिरिंज वापरावी, आणि दिलेली वेळ कागदावर लिहून ठेवावी, म्हणजे आईने दिलेले आजी पुन्हा देणार नाही.

सोळा वर्षांखालील मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. फ्लू किंवा कांजिण्यांच्या वेळी दिल्यास मेंदू व यकृताला इजा करणारा राय सिंड्रोम हा दुर्मीळ पण जीवघेणा विकार होऊ शकतो. निमेसुलाइडवर भारतात १२ वर्षांखालील मुलांसाठी २०११ पासून बंदी आहे. कपाटात जुनी बाटली असेल तर फेकून द्यावी. तीन महिन्यांपेक्षा लहान बाळाला ताप आला तर औषध देऊन वाट पाहू नये, थेट डॉक्टरांकडे न्यावे.

किती दिवस, आणि कधी थांबावे

स्वतःच्या मनाने घेतलेली गोळी तापासाठी तीन दिवसांपेक्षा आणि दुखण्यासाठी पाच दिवसांपेक्षा जास्त चालवू नये. वारंवार डोके दुखणाऱ्यांनी कॅलेंडरवर गोळीच्या दिवशी खूण करावी. महिन्यात १५ किंवा अधिक दिवस साधी वेदनाशामके, किंवा सॅरिडॉनसारख्या कॅफीन मिसळलेल्या संयुक्त गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त चालले तर गोळीमुळेच डोके दुखू लागते, आणि त्या दुखण्यावर पुन्हा तीच गोळी घेतली जाते. हे चक्र गोळी थांबवल्यानेच तुटते. पहिले काही दिवस दुखणे वाढते, म्हणून ते डॉक्टरांच्या मदतीने करावे.

काही वेदना गोळीने झाकायच्याच नसतात. छातीत दाब येऊन डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जाणे, पोटाच्या वरच्या भागात दुखून दरदरून घाम फुटणे (याला आपण ‘पित्त झालं’ म्हणून मोकळे होतो), अचानक आयुष्यातील सर्वांत तीव्र डोकेदुखी होणे, तापासोबत मान ताठ होणे, पोट लाकडासारखे घट्ट होऊन दुखणे, पायातली ताकद जाऊन कंबर दुखणे यांपैकी काही असेल तर गोळी शोधण्यात वेळ घालवू नये. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

कोणी चुकून किंवा जाणूनबुजून जास्त गोळ्या घेतल्या असतील तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याचा प्रयत्न करू नये. रिकाम्या पट्ट्या गोळा कराव्यात, किती गोळ्या कमी आहेत आणि साधारण किती वाजता घेतल्या ते लिहावे, व कागद आणि पट्ट्या दोन्ही घेऊन रुग्णालयात जावे. उतारा द्यायचा की नाही हे तेथे बऱ्याच अंशी वेळेवरून ठरते. जाणूनबुजून घेतलेल्या असतील तर त्या व्यक्तीला क्षणभरही एकटे सोडू नये आणि वाटेत जाब विचारू नये. औषध योग्य मापाने घेऊनही पुरळ, सूज, धाप किंवा कावीळ झाली, तर उपचार घेतल्यानंतर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे. रुग्ण किंवा त्याचे नातेवाईकही अशी नोंद करू शकतात. त्यासाठी औषधाचे नाव आणि बॅच क्रमांक सांगता आला तर काम सोपे होते.